जँगो अ‍ॅडमिनमध्येच मॉनिटरिंग पेज: दर रिफ्रेशला आकडे बदलतात आणि पेज सात सेकंद घेतं

विभाग: बॅकएंड आणि सर्व्हर

पोळीभाजी_डेव्ह, सोमवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. पुण्यात घरपोच डबे देणाऱ्या एका व्यवसायाचं सॉफ्टवेअर आहे. जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस १५ (डेटाबेस), रेडिस (मेमरीतला डेटासाठा), सेलरी (मागच्या मागे कामं चालवणारी), जीयुनिकॉर्नचे ४ सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरच्या प्रोसेस), सगळं एकाच ४ जीबीच्या मशीनवर. रात्री ९:३० ला उद्याच्या ऑर्डर बंद होतात, मग कोथरूड, हिंजवडी, खराडी अशा रूटप्रमाणे याद्या बनतात आणि साधारण तीन हजार ग्राहकांना मेसेज जातात.

ऑफिसमधले दोघं दिवसभर जँगो अ‍ॅडमिनमध्येच (जँगोच्या आयत्या व्यवस्थापन पॅनलमध्ये) असतात. मेसेज अडकले, पेमेंटचा वेबहुक (पेमेंट कंपनीकडून आपोआप येणारा निरोप) फसला, तर ते कळतं ग्राहकाच्या फोनवरून. म्हणून अ‍ॅडमिनमध्येच एक पेज हवंय: क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) किती कामं, किती फसली, कुठली क्वेरी लटकली, डिस्क किती उरली. आणि जमलं तर तिथूनच ‘पुन्हा पाठवा’ बटण.

जे केलं ते असं, आणि अडलं ते असं:

१. मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो थर) ‘कॅशे.इन्कर’ने रिक्वेस्ट आणि एरर मोजतो. पेज रिफ्रेश केलं की आकडा १४०, मग ३७, मग पुन्हा १४१.

२. स्वतःची अ‍ॅडमिनसाइट करून ‘गेट_यूआरएल्स’मध्ये शेवटी आपली यूआरएल जोडली. ४०४ येतो. शिवाय आधीची सगळी मॉडेलं अ‍ॅडमिनमधून गायब.

३. सेलरीचं ‘इन्स्पेक्ट’ वापरून चालू, राखीव, नियोजित कामं आणि वर्करचे आकडे असं चारही दाखवतो. पेज उघडायला सहा-सात सेकंद. ऑफिसातल्या टीव्हीवर ते दर पाच सेकंदांनी जावास्क्रिप्टने ताजं होतं.

४. क्यूची लांबी रेडिसमधून थेट घेतली, तर ती शून्य दाखवते आणि मेसेज मात्र गेलेले नसतात.

ग्राफाना वगैरे (मॉनिटरिंगची वेगळी साधनं) माहीत आहे, पण ऑफिसच्या लोकांना आणखी एक लॉगिन द्यायचं नाही.

---

लकडीपूल_लॉग्ज, सोमवार, रात्री ११:४८

सोपं आहे तिथून सुरू करतो.

पहिला मुद्दा: सेटिंग्जमध्ये ‘कॅशेस’ लिहिलेलंच नसणार. मग जँगो ‘लोकमेम’ घेतो आणि तो प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतो. चार वर्कर, चार वेगळ्या वह्या. रिफ्रेश ज्या वर्करकडे जाईल त्याची वही दिसते. ४.० पासून रेडिसचा बॅकएंड जँगोत आयताच आहे, तो लावा. ‘इन्कर’ला की नसेल तर व्हॅल्यूएरर येतो, म्हणून आधी ‘कॅशे.अ‍ॅड’ने शून्य टाकायचं, मग ‘इन्कर’. अ‍ॅड आधीची किंमत पुसत नाही, त्यामुळे दरवेळी बिनधास्त चालवा.

पण हा रेडिस सेलरीच्या ब्रोकरचाच (कामांची रांग सांभाळणाऱ्याचा) असेल तर थांबा. जँगोचं ‘कॅशे.क्लिअर’ म्हणजे त्या डेटाबेस क्रमांकावर सरळ ‘फ्लशडीबी’. कोणीतरी शेलमध्ये कॅशे साफ करेल आणि तीन हजार मेसेजची क्यू सोबत जाईल. डेटाबेस क्रमांक वेगळा ठेवला की हे टळतं, पण मेमरी भरल्यावर काय फेकायचं हे धोरण अख्ख्या रेडिसला एकच असतं. कॅशेसाठी ‘ऑलकीज-एलआरयू’ (बराच काळ न वापरलेलं आधी फेका) लावलंत तर क्यूची यादीही फेकली जाऊ शकते. दोन पोर्टवर दोन रेडिस चालवा, रिकामा रेडिस फार मेमरी खात नाही.

मिडलवेअरमध्ये मोजताना रिक्वेस्टचा पाथ की म्हणून वापरू नका. ऑर्डर क्रमांकागणिक नवी की तयार होते. ‘रिझॉल्व्हर_मॅच.राउट’ घ्या, आणि तो ‘गेट_रिस्पॉन्स’ झाल्यावर वाचा, आधी तो भरलेला नसतो. यूआरएलच न जुळल्याने आलेल्या ४०४ ला तो ‘नन’ असतो, तेवढं सांभाळा. मिडलवेअर यादीत सगळ्यात वर ठेवा. एरर पकडायला ट्राय-एक्सेप्ट लागत नाही, आतला एक्सेप्शन तुमच्यापर्यंत येताना ५०० चा रिस्पॉन्स झालेला असतो, स्टेटस कोड बघा. आणि सरासरी वेळ साठवू नका. ५०, १००, २५०, ५००, १०००, २५०० मिलिसेकंद असे कप्पे करून प्रत्येकात किती पडले ते मोजा. शंभरात पाच लोकांना आठ सेकंद लागले तर सरासरी गोड दिसते, कप्पे खरं बोलतात.

दुसरा: ३.२ पासून अ‍ॅडमिनसाइट आपल्या यूआरएलच्या शेवटी एक सगळं गिळणारा पॅटर्न लावते. त्याच्या मागे जे जोडाल ते कधीच पोचत नाही. आपली यादी आधी, ‘सुपर’ची नंतर. मॉडेलअ‍ॅडमिनमध्ये जोडलं तरी हाच क्रम, कारण तिथेही ऑब्जेक्ट आयडीचा पॅटर्न काहीही पकडतो. मॉडेलं गायब झाली कारण ती सगळी मूळ साइटवर नोंदलेली आहेत. नवी साइट बनवून वेगळी जोडू नका. ‘अ‍ॅडमिनकॉन्फिग’चा सबक्लास करा, त्यात ‘डिफॉल्ट_साइट’ला आपल्या क्लासचा रस्ता द्या आणि ‘इन्स्टॉल्ड_अ‍ॅप्स’मध्ये जँगोच्या अ‍ॅडमिनच्या जागी तो कॉन्फिग लिहा. नोंदणीच्या ओळीला हात लावावा लागत नाही.

व्ह्यूला ‘अ‍ॅडमिन_व्ह्यू’चं वेष्टण द्या, टेम्प्लेट अ‍ॅडमिनच्या ‘बेस_साइट’वरून वाढवा आणि कॉन्टेक्स्टमध्ये ‘ईच_कॉन्टेक्स्ट’ घाला, नाहीतर वरची पट्टी आणि डावा मेनू येत नाही. इथे एक सापळा आहे. सगळ्या पेजवर लाल बिल्ला दिसावा म्हणून लोक ‘ईच_कॉन्टेक्स्ट’मध्येच क्वेरी टाकतात. तो लॉगिन पेजवरही चालतो. म्हणजे लॉगिन न केलेल्या माणसाच्या प्रत्येक धडकेला तुमच्या क्वेरी चालणार, आणि टेम्प्लेटमध्ये आकडा वर छापला असेल तर तो त्याला दिसणारही.

तिसरा: ‘इन्स्पेक्ट’ हे सगळ्या वर्करना हाक मारून उत्तराची वाट बघतं. मुदत मुळात १ सेकंद, आणि किती वर्कर आहेत हे त्याला ठाऊक नसल्यामुळे उत्तर आलं तरी तो सेकंद पूर्ण काढतं. चार हाका, चार सेकंद. उरलेले दोन-तीन बहुधा मेसेज-लॉगच्या मोठ्या टेबलावरच्या ‘काउंट’चे.

आता टीव्हीचा हिशोब करा. सात सेकंदांचं पेज दर पाच सेकंदांनी मागवलं म्हणजे सरासरी १.४ वर्कर कायम अडकलेले. तेच पेज तीन टॅबमध्ये उघडं असेल तर ४.२. तुमच्याकडे आहेत चार. मॉनिटरिंगनेच साइट बसवली म्हणायची.

त्यामुळे व्ह्यूमध्ये काहीही मोजू नका. एक मॅनेजमेंट कमांड लिहा, दर मिनिटाला ती सगळे आकडे गोळा करून एका डिक्शनरीत, सोबत वेळ घालून, कॅशेत ठेवेल. व्ह्यू ती एक की वाचतो आणि दाखवतो. ही कमांड सिस्टमडीच्या टायमरवर किंवा क्रॉनवर चालवा, सेलरी बीटवर (सेलरीचं वेळापत्रक चालवणारा भाग) नको. सेलरी मेली हे सांगायला सेलरीच पाठवली तर निरोप यायचा नाही. आणि त्या कीला ६० सेकंदांची मुदत देऊ नका. कमांड बंद पडली की पेज कोरं होईल आणि लोक म्हणतील काही अडचण नाही. मुदत काढा, आणि पेजवर ठळक लिहा: ‘शेवटची मोजणी ४ मिनिटांपूर्वी’. तीन मिनिटांच्या वर गेलं की तीच ओळ लाल.

चौथा सगळ्यात मजेचा. क्यूची यादी शून्य दिसते कारण वर्कर कामं आगाऊ उचलून ठेवतो. प्रीफेचचा गुणक मुळात ४ आहे. समांतर ४ प्रोसेस असतील तर १६ कामं यादीतून निघून ‘अनअ‍ॅक्ड’ नावाच्या हॅशमध्ये बसतात. म्हणून ‘एल-लेन’ आणि ‘एच-लेन अनअ‍ॅक्ड’ (यादीची आणि हॅशची लांबी) दोन्ही दाखवा. प्रायॉरिटी वापरत असाल तर आणखी एक: रेडिसवर सेलरी ०, ३, ६, ९ अशा चार वेगळ्या याद्या करते आणि नुसत्या ‘सेलरी’ नावाच्या यादीत फक्त ० ची कामं असतात. मेसेज पाठवण्यासारख्या हळू कामांना गुणक १ करा, एका वर्करने पंधरा कामं बगलेत मारून बसणं बंद होईल.

---

अर्धा_तिकीट, मंगळवार, सकाळी ८:२०

एवढा खटाटोप कशाला? प्रोमेथियस (आकडे गोळा करायला), ग्राफाना (आलेखांना), फ्लॉवर (सेलरीवर नजर ठेवायला). तासाभरात उभं राहतं. अ‍ॅडमिन हे डेटा एंट्रीसाठी आहे, कंट्रोल रूम नाही. डेटाबेस पडला तर अ‍ॅडमिनचं लॉगिनही पडणार, मग तुमचं सुंदर पेज बघणार कोण?

---

पर्वती_पायथा, मंगळवार, सकाळी ९:४०

तिकीट अर्धं असलं तरी मुद्दा पूर्ण आहे. अ‍ॅडमिनला सेशन आणि यूझर दोन्ही लागतात. सेशन कॅशेत नेलं तरी यूझर डेटाबेसमधूनच येतो. म्हणून ‘साइट जिवंत आहे का’ हा प्रश्न अ‍ॅडमिनला कधी विचारू नये.

पण तासाभरात उभं राहतं हे काही पटलं नाही. चार जीबीच्या मशीनवर तीन नव्या सर्व्हिस, फ्लॉवरला मुळात लॉगिनच नाही म्हणजे एनजिनएक्समागे (पुढच्या वेब सर्व्हरमागे) बंदोबस्त आलाच. जीयुनिकॉर्नच्या चार प्रोसेसमधून प्रोमेथियसचे आकडे नीट घ्यायचे तर मल्टिप्रोसेस फोल्डर, तो दर रीस्टार्टला रिकामा करणं, वर्कर मेल्याचा हुक. हे सगळं करता येतं. करून झाल्यावर ऑफिसमधल्या माणसाला दिसतो सीपीयूचा आलेख, ज्याचं तो काहीही करू शकत नाही.

माझी विभागणी साधी आहे: ज्या आकड्यावर अ‍ॅडमिनमधला माणूस काही कृती करू शकतो तो अ‍ॅडमिनमध्ये. ज्या आकड्याने डेव्हलपरला झोपेतून उठवायचं तो बाहेर. सीपीयू, मेमरी बाहेर. अडकलेला मेसेज, फसलेला वेबहुक, रूटची यादी बनली की नाही, हे आत.

आणि आतल्या गोष्टींत मोजणी नको, वय बघा. ९:३१ ला तीन हजार मेसेज बाकी आहेत ही चांगली बातमी आहे, दुपारी तीनला बारा बाकी आहेत ही वाईट. मोजणीवर मर्यादा लावाल तर रोज रात्री खोटा अलार्म आणि दुपारी शांतता. त्याऐवजी ‘सर्वात जुना न गेलेला मेसेज किती मिनिटांचा’ हा एकच आकडा ठेवा. दहाच्या वर गेला की लाल, दिवस असो वा रात्र. क्वेरी म्हणजे बाकी मेसेज वेळेने लावून पहिला घेणं. टेबल कितीही मोठं असो, ‘स्थिती बाकी असेल तर’ अशी अट घातलेला पार्शल इंडेक्स निर्मितीच्या वेळेवर लावलात की मिलिसेकंदांत उत्तर. जँगोत इंडेक्सला ‘कंडिशन’ देता येते, वेगळं एसक्यूएल लिहावं लागत नाही.

दुसरा आकडा: हृदयाचा ठोका. बीटवर दर मिनिटाला एक फालतू काम ठेवा, जे फक्त आत्ताची वेळ कॅशेत लिहितं. पेजवर त्या वेळेचं वय. बीट, ब्रोकर आणि वर्कर, तिघांपैकी कोणीही पडलं तरी ते वय वाढत जातं. तुमच्या ‘इन्स्पेक्ट’च्या चारही हाका यापुढे फिक्या. फक्त ते काम मेसेजच्याच क्यूमध्ये टाका. वेगळ्या रिकाम्या क्यूत टाकलंत तर ठोका छान पडतो आणि रुग्ण गेलेला असतो.

---

सिंहगडरोड_एसक्यूएल, मंगळवार, दुपारी १:१५

लटकलेल्या क्वेरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’वर (डेटाबेसच्या चालू कनेक्शनची यादी) सरळ जँगो मॉडेल करता येतं. ‘मॅनेज्ड = फॉल्स’, ‘डीबी_टेबल’ला तेच नाव, आणि ‘पीआयडी’ला (त्या कनेक्शनच्या प्रोसेसचा क्रमांक) प्रायमरी की. हवे तेवढेच कॉलम घ्या: यूझर, स्टेट, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ, क्वेरी सुरू झाल्याची वेळ, कशाची वाट बघतोय, क्वेरी. मॉडेलअ‍ॅडमिनमध्ये जोडणं, बदलणं, पुसणं तिन्ही परवानग्यांना फॉल्स. यादी, फिल्टर, सॉर्टिंग सगळं फुकट मिळतं. ‘गेट_क्वेरीसेट’मध्ये स्वतःचा पीआयडी वगळा, नाहीतर सगळ्यात ताजी क्वेरी म्हणून कायम तुमचीच दिसेल.

दुसऱ्या रोलच्या क्वेरीच्या जागी ‘अपुरा अधिकार’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. त्यासाठी अ‍ॅपच्या रोलला सुपरयूझर करू नका (करतात लोक!). ‘पीजी_मॉनिटर’ नावाचा तयार रोल पोस्टग्रेस १० पासून आहे. वेगळा लॉगिन रोल करून त्याला तो द्या, आणि डेटाबेसेसमध्ये दुसरं नाव घालून त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ दोन सेकंद लिहा. मॉनिटरिंगची क्वेरी स्वतः कधीच लटकता कामा नये. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर साधं ‘सेट’ पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं, तिथे ‘अ‍ॅटॉमिक’च्या आत ‘सेट लोकल’च वापरा.

लाल काय करायचं? चालू क्वेरी पाच मिनिटांच्या वर हे उघड. पण जास्त घातक म्हणजे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’: काही करत नाही, पण ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलाय. कुलपं धरून ठेवतो आणि व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करू देत नाही. बहुतेकदा कारण असतं ‘अ‍ॅटॉमिक’च्या आत केलेला बाहेरचा एपीआय कॉल, ज्याला टाइमआउट दिलेला नाही. तुमचा मेसेज पाठवणारा कोड आधी तपासा. कोणामुळे कोण अडलंय ते ‘पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज’ सांगतं.

‘क्वेरी थांबवा’ बटण देत असाल तर ‘कॅन्सल_बॅकएंड’ फक्त चालू क्वेरी थांबवतं. आयडल इन ट्रान्झॅक्शनला त्याचा काहीही उपयोग नाही, तिथे ‘टर्मिनेट_बॅकएंड’ लागतं. दुसऱ्या रोलचं कनेक्शन तोडायला ‘पीजी_सिग्नल_बॅकएंड’ रोल हवा. हे बटण ऑफिसच्या लोकांना देऊ नये असं माझं मत.

आणि क्वेरी कॉलम जसाच्या तसा दाखवू नका. जँगो मुळात किमती क्वेरीत घालूनच पाठवतो, त्यामुळे तिथे ग्राहकाचे मोबाइल नंबर, पत्ते दिसतात. पहिली साठ अक्षरं आणि कोट्समधलं सगळं झाकून.

मेसेज-लॉगचं चेंजलिस्ट (नोंदींची यादी) हळू आहे ना? ‘शो_फुल_रिझल्ट_काउंट’ फॉल्स करा, पण तेवढ्याने भागत नाही. ते फक्त एकूण ओळींचा दुसरा काउंट वाचवतं. पहिला पेजिनेटर (यादीची पानं पाडणारा) करतोच. फिल्टर नसताना ‘पीजी_क्लास’मधला ‘रेलटपल्स’ हा अंदाज देणारा छोटा पेजिनेटर लिहा. १४ व्या आवृत्तीपासून कधीच अ‍ॅनलाइझ न झालेल्या टेबलाला तो उणे १ देतो, तेव्हा खरा काउंट करा. मोबाइल नंबरने शोधताना ‘सर्च_फील्ड्स’मध्ये बरोबरचं चिन्ह लावू नका, ते ‘आयएक्झॅक्ट’ आहे आणि पोस्टग्रेसवर ‘अप्पर’ लावून बघतं, साधा इंडेक्स लागत नाही. नावापुढे दोन अंडरस्कोर आणि ‘एक्झॅक्ट’ लिहा.

---

पोळीभाजी_डेव्ह, बुधवार, रात्री १२:३०

मनापासून आभार. मोजणी कमांडमध्ये नेली, पेज आता ऐंशी मिलिसेकंदांत येतं. यूआरएलचा क्रम आणि कॅशे दोन्ही सुटले.

दोन प्रश्न उरले. ‘पुन्हा पाठवा’ ही अ‍ॅडमिन अ‍ॅक्शन केली तर दोघांनी एकदम दाबल्यावर ग्राहकाला दोन मेसेज जातात. आणि सकाळी ६ चा ‘डबा निघाला’ मेसेज आम्ही रात्री ९:३० लाच ईटीए (काम केव्हा चालवायचं ती वेळ) देऊन क्यूत टाकतो, तो काही ग्राहकांना सकाळी सात-आठ वेळा गेलाय. अनअ‍ॅक्डमध्ये रात्रभर तीन हजार दिसतात ते याचंच का?

---

लकडीपूल_लॉग्ज, बुधवार, सकाळी ७:१०

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण पैसे त्यात जातायत.

हो, याचंच. ईटीएचं काम वर्कर लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत स्वतःच्या मेमरीत धरून बसतो. रेडिससाठी ते ‘पोच न मिळालेलं’ काम. रेडिस ब्रोकरचा ‘व्हिजिबिलिटी टाइमआउट’ मुळात १ तास. तासात पोच नाही आली की वर्कर मेला असं समजून काम पुन्हा वाटलं जातं. ९:३० ते ६ म्हणजे साडेआठ तास. आठ वेळा वाटप. तुमचा सात-आठचा आकडा तिथून आला. टाइमआउट बारा तास करून लक्षण जाईल, पण मग खरोखर मेलेल्या वर्करचं काम बारा तास कोणी उचलणार नाही. ईटीए काढून टाका. मेसेजच्या टेबलात ‘केव्हा पाठवायचा’ हा कॉलम घाला आणि बीटवर दर मिनिटाला ‘वेळ झालेले आणि न गेलेले’ उचलणारं काम ठेवा. तो कॉलम अ‍ॅडमिनमध्ये दिसतो, सकाळच्या आत चूक सुधारता येते. क्यूत पुरलेलं काम दिसतही नाही. सर्वात जुन्या मेसेजचं वय मग याच कॉलमवरून मोजा आणि पार्शल इंडेक्सही यावरच घ्या, नाहीतर रात्री बनलेला सकाळचा मेसेज रात्रभर लाल दिसेल.

आता बटण. अ‍ॅक्शनमध्ये निवडलेल्या ओळींवर फिरून प्रत्येकीला ‘डिले’ मारू नका. आधी एकाच अपडेटने स्थिती बदला: ‘फसला’ असेल तरच ‘रांगेत’. अपडेट किती ओळी बदलल्या ते परत देतो. ओळीओळीने करत असाल तर ज्या अपडेटने १ दिला त्याचंच काम क्यूत. दुसऱ्याने दाबलं तेव्हा स्थिती आधीच बदललेली असते, त्याला ० मिळतो. मोठ्या संख्येला ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’मध्ये ‘स्किप_लॉक्ड’ ट्रू. क्यूत टाकणं ‘ऑन_कमिट’मध्येच. नाहीतर कमिट व्हायच्या आत वर्कर काम उचलतो, जुनी स्थिती वाचतो आणि गप्प परततो.

‘सगळ्या पेजवरचे निवडा’ हा दुवा विसरू नका. त्याने अ‍ॅक्शनला अख्खा क्वेरीसेट मिळतो. २०० च्या वर असेल तर नकार देणारा मेसेज दाखवा. प्रत्येक ओळीला ‘लॉग_चेंज’ करा, म्हणजे कोणी केव्हा पुन्हा पाठवलं ते त्या नोंदीच्या हिस्टरी पेजवर दिसतं. पेजवर वेगळं बटण ठेवलंत तर पोस्टच, सीएसआरएफ टोकनसकट (बनावट विनंती रोखणारी खूण). गेटची लिंक ठेवलीत तर ब्राउझर पुढचं पेज आगाऊ आणायच्या उत्साहात ती उघडेल.

परवानगीचं राहिलं. ‘अ‍ॅडमिन_व्ह्यू’ फक्त यूझर चालू आहे आणि स्टाफ आहे एवढंच बघतो. तुमच्याकडे स्वयंपाकघरातल्या माणसाला मेन्यू बदलायला स्टाफ केलं असेल, तर त्यालाही हे पेज उघडतं. एक रिकामं मॉडेल करा: मॅनेज्ड फॉल्स, ‘डिफॉल्ट_परमिशन्स’ रिकामं, आणि परमिशन्समध्ये दोन स्वतःच्या: ‘मॉनिटरिंग पाहू शकतो’, ‘मेसेज पुन्हा पाठवू शकतो’. मायग्रेट केलं की त्या ग्रुपमध्ये देता येतात. व्ह्यूमध्ये आणि अ‍ॅक्शनमध्ये दोन्हीकडे तपासा. बटण लपवलं म्हणजे यूआरएल बंद झाली असं होत नाही.

---

पर्वती_पायथा, बुधवार, सकाळी १०:०५

टीव्हीबद्दल एक. ‘सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट’ ट्रू असेल तर दर पाच सेकंदांचं पोलिंग ते सेशन कधीच संपू देत नाही. ऑफिसातल्या टीव्हीवर सुपरयूझरचं लॉगिन कायम उघडं. टीव्हीला फक्त पाहण्याची परवानगी असलेला वेगळा यूझर करा. पोलिंग तीस सेकंदांवर न्या, मोजणीच मिनिटाला होतेय तर पाचाने काय साधतं? टॅब मागे गेला की ‘डॉक्युमेंट.हिडन’ बघून थांबवा.

आणि बाहेरची बाजू, जी अर्धा_तिकीट म्हणत होते. दोन गोष्टी पुरतात.

एक, हेल्थ यूआरएल. ती व्ह्यू म्हणून नको, मिडलवेअर म्हणून आणि यादीत सगळ्यात वर. लोड बॅलन्सर बहुधा आयपीच्या नावाने हाक मारतो, ‘कॉमन मिडलवेअर’ होस्ट तपासतं आणि ‘अलाउड_होस्ट्स’मध्ये नाही म्हणून ४०० देतं. ‘सिक्युरिटी मिडलवेअर’ एसएसएल रिडायरेक्ट चालू असेल तर एचटीटीपीएसकडे ३०१ पाठवतं. त्यांच्या आधीच उत्तर देऊन टाका. ज्या तपासणीवर मशीन रीस्टार्ट होतं तिच्यात डेटाबेसला हात लावू नका, नाहीतर पोस्टग्रेस दहा सेकंद अडखळला की धडधाकट वर्करही मारले जातात. डेटाबेस तपासणारी यूआरएल वेगळी.

दोन, उलटी तपासणी. तुमची दर मिनिटाची कमांड शेवटी बाहेरच्या एका यूआरएलला धडक देते. पाच मिनिटं धडक आली नाही की बाहेरचा फोन वाजवतो. हेल्थचेक्स हे यासाठीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वतः जँगोतच लिहिलेलं आहे, वेगळ्या मशीनवर चालवता येतं. ते मशीन ऑफिसातल्या टेबलाखालचं नको. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की राउटर बंद, आणि धडधाकट सर्व्हर मेल्याचा फोन तुम्हाला.

डिस्क मोजताना ‘डिस्क_यूसेज’सोबत ‘स्टॅटव्हीएफएस’मधून उरलेले आयनोडही (दर फाइलमागे लागणारी नोंद) घ्या. फाइल कॅशेच्या लाखो बारक्या फाइली झाल्या की जागा चाळीस टक्के रिकामी आणि तरी ‘जागा नाही’.

---

पोळीभाजी_डेव्ह, गुरुवार, रात्री १०:२०

ईटीए काढला. आज सकाळी प्रत्येकाला एकच मेसेज गेला.

एक बारीकसं. तासागणिक ऑर्डरचा आलेख पेजवर लावला, कच्च्या एसक्यूएलमध्ये ‘डेट_ट्रंक’ तासावर. ९ ते ९:३० मधली शेवटची गर्दी ८ च्या पट्टीत दिसते. टाइमझोन तर एशिया-कोलकाताच आहे.

---

सिंहगडरोड_एसक्यूएल, गुरुवार, रात्री १०:४१

‘यूझ_टीझेड’ असताना जँगो पोस्टग्रेसचं कनेक्शन यूटीसीवर ठेवतो. तास यूटीसीचा कापला गेला, आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे प्रत्येक पट्टी साडेवर सुरू होते: ८:३० ते ९:३०. लेबलात तुम्ही फक्त तास छापताय म्हणून ‘८’. ओआरएमचं (एसक्यूएल न लिहिता क्वेरी करायची जँगोची सोय) ‘ट्रंकअवर’ वापरा, ते चालू टाइमझोन लावूनच कापतं. कच्चं एसक्यूएल ठेवायचं असेल तर कॉलमला आधी ‘अ‍ॅट टाइम झोन एशिया-कोलकाता’ लावून मग कापा. दिवसाच्या बेरजा पण तपासा, तुमचा दिवस सध्या पहाटे साडेपाचला बदलत असणार.